ब्रेक कुणाच्या पायाला कडक लागतो?

आईनं गाडी फाटकाच्या खांबावर घातली तेव्हा मी गॅलरीत दात घासत उभी होते. म्हणजे हे ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. गाडीचा वेग माणसाच्या चालण्याइतका. इंजिन बंद. गाडी उतारावरून घरंगळत खाली येत होती आणि आई स्टिअरिंगला धरून सीटवरून जवळजवळ उठून उभी राहिली होती. तोंडानं "अगं अगं अगं" चाललेलं, जसं काही दावं तोडून वासरू पळालंय. तळमजल्यावरच्या गुजराती बेननी फाटकापाशी खाट टाकून पापड वाळत घातले होते. गाडीनं आधी खाट ढकलली, मग खांब गाठला. डाव्या दिव्याची काच फुटली, पापड मातीत गेले. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

"अरे बेन, ब्रेक मारो ने!" तळमजल्यावरच्या बेन ओरडल्या. गाडी थांबल्यावर.

"मारला हो! मारलाच होता!" आई खाली उतरली. उजवी मांडी चोळत होती. "दाबतेय तर आत जाईचना. दगड नुसता."

बाबा लुंगीवरच खाली धावले. आधी त्यांनी खांब पाहिला, मग दिवा, मग आई. हा क्रम मी मुद्दाम लिहितेय. गाडीत बसले, इंजिन चालू केलं, गाडी मागे घेतली, ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. मग खिडकीतून मान बाहेर काढून जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लोण्यासारखा जातोय. गाडीत काही दोष नाही."

गाडीत दोष नाही म्हणजे मग दोष कशात, हे त्यांना बोलावंही लागलं नाही. ते काम बेननी आईच्या पायाकडे बघत केलं. "पगमां जोर जोईए, बेन. आ कंई सायकल नथी."

आमची सोसायटी बडोद्यात, फतेगंजच्या बाजूला. विश्वामित्रीचं पाणी चढतं म्हणून बिल्डरनं पार्किंगची जागा भराव घालून चांगली उंच केलेली, आणि तिथून फाटकापर्यंत लांबलचक उतार. या उतारावर सोसायटीतल्या पुरुषांनी एक शास्त्र उभं केलं होतं. गाडी वर चालू करायचीच नाही. हँडब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, फाटक ओलांडलं की गिअर टाकून क्लच सोडायचा. गाडी धक्क्यानं आपोआप चालू होते. सेल मारावा लागत नाही, बॅटरी वाचते, पेट्रोल वाचतं. या शास्त्राचे आद्य आचार्य आमचे बाबा. ते कालवे खात्यात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कालव्याच्या काठानं सरकारी जीप हाकण्यात घालवली. उतार दिसला की इंजिन बंद करायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की रेल्वेच्या पुलावरून उतरतानासुद्धा त्यांचा हात आपसूक किल्लीकडे जायचा.

ते दिवस गाड्यांचे होते. टीव्हीवर दोन मालिकांच्या मधे तीन गाड्या येऊन जायच्या. ज्यांच्या घरी काल स्कूटर होती त्यांच्याकडे आज बँकेचे हप्ते आणि दारात गाडी. आमची सेकंडहँड, पांढरी, छोटी. बाबांनी घेतली स्वतःसाठी, पण चालवायला लागली आई. कारण आईची शाळा बदलली होती. शहरातली मराठी शाळा मुलांअभावी आकसत चाललेली, म्हणून तिला छाणीच्या बाजूला एका शाळेत गणित शिकवायला पाठवलं. सकाळची शाळा, आधी एक बस, मग शटल रिक्षा, त्यात मांडीला मांडी लावून सात माणसं, आणि आईचे गुडघे आधीच दुखरे. दोन महिन्यांत ती लंगडायला लागली. घरात "सोड आता नोकरी, पुरे झालं" सुरू झालं. त्यावर आईनं कुणाला न विचारता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी लायसन्स काढून डब्यातल्या पोळीसारखं बाबांपुढे ठेवलं.

म्हणून हा पाय कुणाचा आणि दोष कशाचा हा प्रश्न माझ्या घरात नुसता मेकॅनिकचा नव्हता. गाडी गेली तर आईची शाळा गेली. सरळ हिशोब.

त्याच संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं, "माझ्या ऑफिसातले एक जण कधीचे मागे लागलेत गाडीसाठी. रविवारी बोलावतो."

"कशाला?" आई.

"अगं, आज खांब होता. उद्या पोरगं असेल कुणाचं."

आई ताटं घ्यायला उठली. मला खरा राग आला तो या वाक्याचा. कारण बाबांचं म्हणणं चूक नव्हतं. ज्याला ब्रेक लावता येत नाही असा माणूस गाडीत नको. पण आई सांगतेय की खोट ब्रेकमध्ये आहे, माणसात नव्हे. तिचं ऐकणार कोण? एका बाईनं सांगितलं, यंत्र बिघडलंय. यंत्राची तपासणी झाली दीड मिनिट आणि बाईची तपासणी सुरू झाली ती जेवणाच्या ताटापर्यंत. हे मी तेव्हा बोललेसुद्धा. बाबा म्हणाले, "भाषण तुझ्या ऑफिसात."

माझं ऑफिस म्हणजे मांडवीजवळ एका जिन्याखालची खोली. कॉलेज संपवून मी ग्राहकांच्या तक्रारी लढवणाऱ्या एका लहानशा संघटनेत शिरले होते. फुटके कुकर, वजनात मारलेली सिलिंडरं, दुसऱ्याच दिवशी उसवलेली साडी. पत्रकं मी लिहायचे. पत्रकाला पीडित लागतो, दोषी लागतो आणि ठसठशीत मागणी लागते, हे मी तिथं शिकले. इथे पीडित घरातच होती. दोषी शोधायचा होता.

दुसऱ्या दिवशी दिव्याची काच बसवायला फतेगंजातला गॅरेजवाला आला. बाबा ऑफिसात. आईनं त्याला ब्रेकही दाखवला. त्यानं बसल्या बसल्या पाच-सहा वेळा पटापट पेडल मारलं आणि मान हलवली. "पत्थर है. बूस्टर गया."

"बूस्टर म्हणजे काय?" मी.

त्यानं बॉनेट उघडून मागच्या भिंतीला चिकटलेला तव्याएवढा काळा डबा दाखवला. त्यातून एक जाड रबरी नळी इंजिनाकडे गेलेली. इंजिन या नळीतून डब्यातली हवा ओढून घेतं, त्या ओढीवर पाय हलका होतो, असं काहीतरी त्यानं सांगितलं. तुम्ही थोडं दाबायचं, बाकीचं डबा दाबतो. डबा गेला तर सगळं पायावर. "नया डालना पड़ेगा." मग जाता जाता दिवा नीट लागतो का ते बघायला इंजिन चालू केलं, दिवा लावला, सगळं बंद केलं आणि स्कूटरवर बसून गेला.

मला अत्यानंद झाला. सापडला दोषी! कंपनी! हजारो घरांना हप्त्यावर गाड्या विकायच्या आणि आत असले डबे घालायचे! पत्रकाचा मथळा तर मी बॉनेट लावायच्या आतच केला होता.

संध्याकाळी बाबा आले. मी त्यांना गाडीपाशीच गाठलं. ते बसले, एकदा ब्रेक दाबला, माझ्याकडे पाहिलं. "हा गेलेला बूस्टर? ये, दाबून बघ."

मी दाबला. हलका. पार हलका. दुपारी माझ्यासमोर दगड होता तो.

"गॅरेजवाल्याला डबा विकायचाय," बाबा म्हणाले, "आणि तुला पत्रक. मधे माझी गाडी."

इथून पुढे माझा राग थोडा बाजूला पडला आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं. एकच पेडल. आईला कडक, बाबांना मऊ, गॅरेजवाल्याला कडक, मला मऊ. कुणी खोटं बोलत नव्हतं. मग?

संघटनेत अशा वेळी आम्ही एकच करायचो: जास्त साक्षी गोळा करायच्या. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी सोसायटीत घरोघर जाऊन सांगितलं की खाली या आणि आमच्या गाडीचा ब्रेक दाबा. लोक आले! बडोद्यात फुकट कार्यक्रमाला माणूस येतोच, त्यात शनिवार. बाबा दुपारी बाजारातून भाजी घेऊन आले होते, गाडी वरती जागेवर उभी होती. बाबा खुर्ची टाकून बसले, जसा काही घरचाच सत्यनारायण.

रांग कशी लागली ते सांगितलं पाहिजे. कुणी लावली नाही, आपोआप लागली. आरतीला लागते तशी. पुढे पुरुष, मागे बायका.

पहिले बँकेतले काका. "मस्त छे." दुसरे वरच्या मजल्यावरचे. "हलका आहे की!" तिसरे बाबांचे पत्त्यांतले भिडू, त्यांनी दाबला, जरा थांबले. "थोडा कडक, पण ठीक आहे. चालतंय."

मग बायका. तळमजल्यावरच्या बेननी चप्पल काढून, पदर खोचून दाबला. "बाप रे! आ तो पथ्थर!" त्यांच्या सुनेनं दाबला. दगड. बँकेतल्या काकांच्या काकूंनी दाबला. दगड. समोरच्या शाळेत शिकवणाऱ्या एक जणी होत्या, त्या तर दोन्ही पाय लावून बसल्या. दगड.

बाबांनी पाय पसरले. "काय मग? सर्व्हेचा निकाल काय?"

सगळे हसले. बायकासुद्धा हसल्या, ते मला जास्त लागलं. बेन हवेत लाटणं फिरवल्यासारखं करून म्हणाल्या, "आपणे तो वेलण चलावीए, बेन. ब्रेक ए लोकोनुं काम." आई रांगेच्या शेवटी उभी होती. ती दाबायला आलीच नाही. "मला कुकर लावायचाय," म्हणाली आणि वर गेली. सर्व्हे माझा, पुरावा त्यांचा. मी स्वतःच्या हातानं सिद्ध केलं होतं की ब्रेक बायकांच्या पायाला कडक लागतो.

माणसं पांगत होती तेवढ्यात आखाड्यातले काका आले. हे तिसऱ्या मजल्यावरचे, शहरातल्या जुन्या आखाड्यात रोज संध्याकाळी जोर-बैठका काढणारे. मांड्या अशा की त्यांच्या स्कूटरची मागची सीट कायम रिकामी. त्यांना सगळं रंगवून सांगण्यात आलं. "असं होय? सरका," ते म्हणाले आणि आत बसले. गाडी एका बाजूला कलली.

त्यांनी दाबला.

मग सीट मागे ढकलून पुन्हा दाबला. मान आखडली, कानशिलं लाल.

"हा कुणाला मऊ लागला?" ते म्हणाले. "समोर या. कोण म्हणालं मऊ?"

बँकेतले काका म्हणाले, "मी."

"तुम्ही? अहो, सिलिंडर उचलायला मला हाक मारता तुम्ही!"

"काका, दमून आलात तुम्ही," बाबा म्हणाले. पण बाबांचे पाय आता पसरलेले नव्हते.

त्या रात्री जेवताना मी आईला सगळं सांगितलं. आखाड्यातल्या काकांचं ऐकून तिचा हात ताटावर थांबला. "त्यांच्याही पायात जोर नाही की काय?" असं म्हणून ती हसली, तीन दिवसांत पहिल्यांदा. मग गणिताच्या बाईसारखा चेहरा करून म्हणाली, "त्यांचा नंबर कितवा होता?"

"शेवटचा."

"बँकवाल्यांचा?"

"पहिला."

"मग बाई-पुरुष कशाला मोजतेस? नंबर मोज."

मला माझीच लाज वाटली नाही, पण घाई झाली. बाबा किल्ली उशाशी घेऊन निजले नसते तर मी तेव्हाच खाली गेले असते.

रविवारी सकाळी आम्ही दोघी खाली उतरलो. बाबा पेपरात होते, गाडी बघायला पाहुणे नऊनंतर येणार होते. माझा सिद्धान्त तयार होता: जो पहिला दाबेल त्याला मऊ. म्हणजे आत्ता आई पहिली, आईला मऊ. मी दार उघडून दिलं, जसं काही तिचा सत्कार आहे. आई बसली, दाबला.

"दगड," आई म्हणाली.

"असं कसं? तू पहिली आहेस आज!"

"दाबून बघ तूच."

दगड. माझा सिद्धान्त एका पावलात संपला. मी बॉनेटला टेकून उभी राहिले. आई मात्र गाडीतच बसून होती, हात मांडीवर, समोर बघत. ती फळ्यापुढे अशी उभी राहते, असं तिच्या शाळेतली मुलं सांगतात.

"काल सगळ्यांनी दाबल्यावर गाडी कुणी चालू केली होती?" तिनं विचारलं.

"कुणीच नाही."

"आणि त्याआधी?"

"बाबा भाजी घेऊन आले होते."

"म्हणजे इंजिन चाललं होतं." तिनं पेडल पुन्हा एकदा दाबून पाहिलं. "लाइट गेले की नळाला पाणी येतं ना थोडं? मोटर बंद असते, पण पाइपात उरलेलं असतं. दोन बादल्या भरतात. मग नुसती हवा. काल त्या तिघांनी बादल्या भरल्या. बाकीच्यांना नुसता नळ."

मला गॅरेजवाल्याचा काळा डबा आठवला. इंजिन हवा ओढतं. ओढलेली ओढ डब्यात साठून राहते. इंजिन बंद झालं तरी ती थोडी पुरते, आणि पेडल दाबलं की दर वेळी थोडी खर्च होते. डबा भरायला पुन्हा इंजिनच लागतं. गॅरेजवाल्यानं बंद गाडीत पटापट सहा वेळा मारलं, दगड होणारच होता. मग दिव्यासाठी इंजिन चालू केलं, डबा पुन्हा भरला, आणि संध्याकाळी बाबांना लोणी मिळालं.

"आई, पाय काढू नकोस," मी म्हणाले. "दाबून धर तसाच आणि किल्ली फिरव."

तिनं फिरवली. इंजिन लागलं, आणि आईचा गुडघा माझ्यासमोर हळूच खाली गेला.

"अगंबाई!" ती ओरडली. "हा आपणहून खाली गेला! मी काही केलं नाही! पायाखालची पायरी खचावी तसा!"

आम्ही किती वेळा केलं ते मोजलं नाही. बंद करायचं, दाबायचं: पहिल्यांदा मऊ, दुसऱ्यांदा मऊ, तिसऱ्यांदा जड, पुढे दगड. पाय तसाच दाबून चालू करायचं: पायरी खचली. पुन्हा. मी बसले, आई बसली, पुन्हा मी. मग इंजिन बंद करून, काही न दाबता, वर जाऊन चहा पिऊन आलो. खाली येऊन दाबला तर मऊ. म्हणजे डबा गळत नव्हता, नळी फुटली नव्हती. डब्यात काही बिघाड नव्हताच. तो बदलायची गरज नव्हती, कंपनीनं कुणाला फसवलं नव्हतं, आणि माझ्या पिशवीतला मथळा फुकट गेला होता.

"वाईट वाटलं होय?" आई म्हणाली. "चोर सापडला नाही म्हणून?"

"पण मग त्या दिवशी काय झालं? त्या दिवशी तू एकटीच होतीस. रांग नव्हती."

आईनं बोटांवर मोजलं: एक, दोन, तीन. मग म्हणाली, "मी तीन वेळा तपासते ना."

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं: गाडी हलवण्याआधी ब्रेक तीन वेळा दाबून बघायचा. सोसायटीत एकही पुरुष हे करत नाही. आई रोज करायची. बाबा चिडवायचे, "देवापुढेसुद्धा एवढे नमस्कार घालत नाहीस." बाबा गाडीत बसले की सरळ हँडब्रेक सोडायचे. डबा भरलेला असायचा, उतारावर एकदा ब्रेक लागला की काम व्हायचं. आई आधी तीन वेळा तपासायची, डबा रिकामा करायची, मग बाबांच्या शास्त्राप्रमाणे इंजिन बंद ठेवून उतारावर गाडी सोडायची. एरवी फाटक सताड उघडं, पलीकडे रस्ता रिकामा, ब्रेकची गरजच पडायची नाही. त्या दिवशी पुढ्यात खाट होती.

"म्हणजे मी काळजी घेतली म्हणून आपटले," आई म्हणाली.

हे वाक्य मी कुठल्याही पत्रकात घातलं असतं. पण तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. तिला त्याची गंमत वाटत होती. पेडलकडे बघत होती, जसं काही वर्गातल्या सगळ्यात मागच्या बाकावरच्या मुलानं अचानक बरोबर उत्तर दिलंय.

मी म्हणाले, "चल, बाबांना सांगू. त्यांच्या शास्त्रानं झालंय हे सगळं."

"तू नाही सांगायचं," आई म्हणाली. "तू सांगायला लागलीस की माणूस कान बंद करतो. मी सांगते."

पाहुणे आले. चहा-पोहे झाले. पाहुण्यांनी विचारलं, "विकताय का पण? चांगली आहे म्हणता."

"हिच्या पायाला ब्रेक जड जातो," बाबा म्हणाले.

"चला ना खाली," आई म्हणाली. "बघूनच घ्या."

खाली आल्यावर तिनं बाबांना किल्ली दिली. "अहो, बसा आत. इंजिन लावू नका, हँडब्रेकही राहू दे. नुसता ब्रेक तपासून दाखवा यांना. मी तपासते तसा."

"तीन नमस्कार?" बाबा हसून पाहुण्यांकडे बघत बसले. एक. दोन. तीन. तिसऱ्याला त्यांचं हसू जरा कमी झालं.

"आता समजा उतारावर आहात," आई म्हणाली. "समोर माणूस आला. थांबवा."

बाबांनी दाबला. त्यांचं ढुंगण सीटवरून उठलं. दोन्ही हात स्टिअरिंगला, मानेची शीर वर. अगदी आई त्या दिवशी होती तसे. पाहुणे जवळ येऊन वाकून बघायला लागले. मी तोंड मिटून उभी होते, आणि हे माझ्या आयुष्यातलं मोठं काम होतं.

"हा कडक कसा झाला?" बाबा म्हणाले.

"पाय तसाच ठेवा. किल्ली फिरवा."

इंजिन लागलं. पेडल खाली गेलं. बाबांनी झटकन पाय वर घेतला, विंचू असल्यासारखा. मग हळूच परत ठेवला. इंजिन बंद केलं, दाबला, दाबला, दाबला. चालू केलं. बंद केलं. आमच्या कुणाकडे न बघता तीन-चार वेळा तेच. मग खाली उतरून बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं.

"हा काळा डबा," आई त्यांच्या शेजारी वाकून म्हणाली. "इंजिन या नळीतून ओढतं. बंद असलं की उरलेल्यावर दोन-तीनदा चालतं. मग सगळं आपल्या पायावर."

"जीपला हे नव्हतं," बाबा म्हणाले.

"नव्हतं ना. म्हणून जीपचा ब्रेक इंजिन चालू असताना जेवढा कडक, बंद असताना तेवढाच. तुम्हाला फरक कळणार कसा?"

हे मी म्हटलं नसतं. मी म्हटलं असतं की तुमच्या पेट्रोलच्या हिशोबानं एक दिवस माणूस मेला असता. ते खरंही होतं. पण बाबा त्यावर भांडले असते. आईच्या वाक्यावर त्यांना भांडायला जागाच नव्हती, कारण तिनं त्यांची जीप खरी ठरवली होती. त्यांनी नळीवर बोट ठेवलं. "बस आत. मी सांगतो तेव्हा चालू कर."

आई बसली.

"कर."

इंजिन लागलं. बाबांनी कान जवळ नेला. "ओढतंय," ते म्हणाले. "बोटाला कळतंय. ओढतंय बरं का!" कालव्याच्या दारातून पाणी निघाल्यावर ते कसे दिसत असतील ते मला तेव्हा दिसलं. "दाब. सोड. दाब." आई दाबत होती, सोडत होती. पाहुणे एकदा इंजिनाकडे, एकदा घड्याळाकडे बघत होते.

"मग," पाहुणे शेवटी म्हणाले, "गाडीत दोष आहे की नाही?"

"काही दोष नाही," बाबा बॉनेटमधूनच म्हणाले.

"मग घेतो मी."

"नाही," आई खिडकीतून म्हणाली. "विकायची नाही. मला उद्या शाळा आहे."

बाबांनी बॉनेट खाली घेतलं. मला वाटलं, आता सुरू होईल. पण ते हात पुसत खिडकीपाशी गेले आणि नवीन नियम स्वतःच शोधल्यासारखे म्हणाले, "वरच चालू करत जा. उतारावर बंद ठेवायची नाही. आणि ते तीन वेळा तपासतेस ना, ते चालू करून तपास."

"हो," आई म्हणाली.

"पेट्रोल जाईल थोडं."

"जाईल."

बाबा बाजूला झाले. आईनं चालू इंजिनावर तीन वेळा ब्रेक दाबला, हँडब्रेक सोडला आणि गाडी उतारावर घेतली. फाटकाशी ती थांबली. नुसती थांबली नाही, मधेच उतारावर एकदा उगाचच थांबून मग पुन्हा खाली गेली. डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली. आम्ही तिघं वर उभे.

"कुठे गेल्या?" पाहुण्यांनी विचारलं.

"काय माहीत," बाबा म्हणाले.

"नाही, मी रिक्षानं आलो होतो. म्हटलं, जाताना गाडीच घेऊन जाऊ."

बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "या वरती, अजून एक चहा होऊ दे. ती आली की सोडेल तुम्हाला."